वृत्तपत्रविद्येची पदवी घेण्यापूर्वी

वकिलीची सनद नसलेल्या माणसाला न्यायालयात पक्षकाराची बाजू मांडता येत नाही आणि वैद्यक परिषदेच्या पटावर नाव नसलेल्याला औषधाची चिठ्ठी लिहिता येत नाही; परंतु बातमी लिहिण्यासाठी, संपादक होण्यासाठी किंवा स्वतःचे साप्ताहिक काढण्यासाठी या देशात कोणत्याही पदवीची अट कायद्याने घातलेली नाही, ही गोष्ट वृत्तपत्रविद्येच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या बुलढाणा जिल्ह्यातील प्रत्येक विद्यार्थ्याने आणि त्याच्या पालकांनी प्रथम मनाशी पक्की करावी. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ च्या ६ जानेवारीला ‘दर्पण’ काढले तेव्हा असला अभ्यासक्रम कोठे अस्तित्वातच नव्हता, अकोल्याच्या शाळेत शिकून गेलेले आगरकर पुढे ‘केसरी’चे पहिले संपादक झाले ते तर्कशक्तीच्या आणि वाचनाच्या बळावर, आणि आपल्या जळगाव जामोदेस वकिली करणाऱ्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना ‘विविधज्ञानविस्तारा’त ग्रंथपरीक्षणे लिहिताना कोणी प्रमाणपत्र विचारल्याचे ऐकिवात नाही.

यावरून पदवीच निरर्थक आहे असा निष्कर्ष काढणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांत मुरलेले पत्रकारही आहेत; मला मात्र तो मान्य नाही. पूर्वी जे शिक्षण वृत्तपत्राच्या कचेरीतच मिळत असे, म्हणजे नवख्याने लिहिलेला मजकूर वडीलधाऱ्या उपसंपादकाने त्याच्यासमोर बसून खोडावा, शीर्षक बदलावे, ‘हे तुला कोणी सांगितले?’ म्हणून दरडावून विचारावे आणि नवख्याने तोच मजकूर पुन्हा लिहून आणावा, त्या शिक्षणाला आजच्या कचेरीत उसंत राहिलेली नाही. आपल्या जिल्ह्याची पाने बव्हंशी अकोल्याच्या आवृत्त्यांतून निघतात. तेथील डेस्कवर मोजकी माणसे अनेक तालुक्यांचा मजकूर रात्रीच्या मुदतीत उरकतात, आणि मेहकरहून किंवा संग्रामपूरहून बातमी पाठवणाऱ्या वार्ताहराला आपले काय चुकले हे दुसऱ्या दिवशी छापील अंक ताडून पाहूनच समजले तर समजते. कचेरीने सोडून दिलेले हे काम विद्यापीठाने करावे, एवढ्यासाठीच दोन किंवा तीन वर्षे आणि बापाच्या घामाचा पैसा खर्च करणे सार्थ ठरते. म्हणून कोणताही अभ्यासक्रम पारखताना माझा एकच मुख्य प्रश्न असतो: येथे विद्यार्थी आठवड्याला किती लिहितो, आणि त्याने लिहिलेले कोण, किती बारकाईने दुरुस्त करतो? बाकीचे सारे प्रश्न या प्रश्नाचे चाकर आहेत.

कायद्याची अट नसण्याचा दुसरा परिणाम अधिक सावधगिरीचा आहे. वकिलीच्या महाविद्यालयावर बार कौन्सिलची जशी नजर असते तशी वृत्तपत्रविद्येच्या विभागावर नजर ठेवणारी स्वतंत्र परिषद नाही. प्रेस कौन्सिल आहे, परंतु तिचे काम वृत्तपत्रांच्या आचरणाचे, शिक्षणाचे नव्हे. परिणामी विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आणि नॅकची श्रेणी एवढेच दाखले हाती राहतात. यांपैकी पहिला अपरिहार्य आहे: १९५६ च्या कायद्यान्वये केंद्राच्या वा राज्याच्या अधिनियमाने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था यांच्याखेरीज कोणालाही पदवी देण्याचा अधिकार नाही, आणि आयोग बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करीत असतो, ती पाहण्यास दहा मिनिटे पुरतात. दूरस्थ पद्धतीचा अभ्यासक्रम असेल तर त्याला त्या विशिष्ट वर्षासाठी आयोगाची दूरशिक्षणविषयक मान्यता आहे की नाही, याचीही खातरजमा करावी. नॅकची श्रेणी मात्र समग्र संस्थेची असते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा आणि क्रीडांगणाचा विस्तार यांच्या पुण्याईवर मिळालेली उत्तम श्रेणी वृत्तपत्रविद्येच्या दोन खोल्यांच्या विभागाविषयी काहीही सांगत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकतो. आपल्या तालुक्यांच्या गावी अधूनमधून अशा संस्था उगवतात, की ज्या सहा महिन्यांच्या ‘डिप्लोम्या’बरोबर छायाचित्र लावलेले ‘प्रेस’चे ओळखपत्र देण्याचे आमिष दाखवतात, ते गाडीच्या काचेवर मिरवण्यापलीकडे कामाचे नसते. शासनमान्य अधिस्वीकृती पत्रिका ही माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून, प्रत्यक्ष पत्रकारितेच्या अनुभवाची छाननी होऊन मिळते. कोणतेही महाविद्यालय ती देऊ शकत नाही. जी संस्था ओळखपत्राने सुरुवात करते तिच्या दारातून परत फिरावे, शुल्क विचारण्याचेही कारण नाही.

आता आपल्या विद्यार्थ्यापुढे वाटा कोणत्या, ते पाहू. १९८३ साली नागपूर विद्यापीठातून वेगळे निघालेले अमरावतीचे विद्यापीठ, ज्याला आज संत गाडगेबाबांचे नाव आहे, ते आपले प्रादेशिक विद्यापीठ. परंतु जिल्ह्याची ठेवणच अशी आहे की देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा येथील मुलाला जालन्यावरून छत्रपती संभाजीनगर जवळ पडते, तर मलकापूर-नांदुऱ्याच्या मुलीला रेल्वेने भुसावळमार्गे जळगाव सोयीचे होते. आणि या दोन्ही ठिकाणच्या विद्यापीठांत वृत्तपत्रविद्येचे विभाग आहेत. नागपुरास या विद्येची परंपरा जुनी: हिस्लॉप महाविद्यालयात १९५० नंतरच्या आरंभीच्या वर्षांतच अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वुल्सली यांनी येऊन हा विषय रुजवला. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटचा लौकिक तर मराठी वृत्तपत्रसृष्टीत सर्वश्रुत आहे. केंद्र शासनाने १९६५ साली दिल्लीत स्थापन केलेल्या भारतीय जनसंचार संस्थेचे एक केंद्र अमरावतीत आहे आणि तेथे मराठी पत्रकारितेचाही अभ्यासक्रम चालतो, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात अजून पुरेशी ठाऊक नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा मार्ग जो आधीच वार्ताहर म्हणून काम करीत आहे आणि ज्याला केवळ पात्रतेचा दाखला हवा आहे त्याच्यासाठी उत्तम. अठरा वर्षांच्या, अद्याप एकही बातमी न लिहिलेल्या मुलाने मात्र तो धरू नये, कारण त्याला ज्या गोष्टीची गरज आहे ती, म्हणजे समोर बसून खोडणारा गुरू, टपालाने येत नाही.

अभ्यासक्रमाची पुस्तिका हाती आली की रंगीत छायाचित्रे ओलांडून थेट विषयवार तपशिलाकडे जावे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर सारा हिशेब क्रेडिट अथवा श्रेयांकांत मांडलेला असतो आणि तो वाचण्याची रीत सोपी आहे: तात्त्विक विषयाच्या एका श्रेयांकाला १५ तास, प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास. आता पुस्तिकेतील बातमीलेखन, मुलाखत, संपादन, मुद्रितशोधन, छायाचित्रण, ध्वनिचित्रमुद्रण यांचे प्रात्यक्षिक श्रेयांक एका बाजूस आणि ‘संज्ञापनाचे सिद्धान्त’ आदी विषयांचे श्रेयांक दुसऱ्या बाजूस लिहून बेरीज करावी. सिद्धान्त निरुपयोगी आहेत असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकाचा वाटा एकतृतीयांशाहून कमी भरतो, तो पत्रकार घडवण्यासाठी नसून परीक्षा घेण्यासाठी आहे असे खुशाल समजावे. प्रत्यक्ष कार्यानुभव, ज्याला आता सर्वत्र इंटर्नशिप म्हणतात, त्याचेही तसेच. चार श्रेयांकांची इंटर्नशिप म्हणजे १२० तास, आणि दिवसाचे आठ तास धरले तर अवघे पंधरा दिवस. पंधरा दिवसांत कचेरीतील चहाची वेळ समजते, काम समजत नाही. म्हणून ती कोणत्या वृत्तपत्रात वा वाहिनीत होते, विद्यार्थ्याला तेथे बातमी करू देतात की केवळ पत्रके टंकलिखित करावयास बसवतात, आणि सुट्टीत ती वाढवून घेण्यास विभाग मदत करतो का, हे विचारावे.

त्यातही माध्यमविषयक कायद्यांचे प्रकरण म्हणजे अभ्यासक्रम जिवंत आहे की शिळा, हे दाखवणारी नाडीच होय. वृत्तपत्रांच्या नोंदणीचा १८६७ चा कायदा जाऊन त्याच्या जागी २०२३ चा नियतकालिक नोंदणी अधिनियम आला आणि १ मार्च २०२४ पासून तो अमलात आहे. भारतीय दंडसंहितेतील बदनामीचे कलम ४९९ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. पुस्तिकेत किंवा वर्गातील टिपणांत अजून केवळ जुनी नावेच असतील, तर त्या विभागात कित्येक वर्षांत कोणी पान उलटलेले नाही. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मनाई आहे, आणि ती ओळख नाव न छापताही गाव, शाळा व वडिलांचा धंदा छापून उघड होऊ शकते, हे शिकवले जाते काय? माहितीच्या अधिकाराचा अर्ज विद्यार्थ्याकडून प्रत्यक्ष लिहून घेतला जातो काय? पत्रकारांवरील हल्ल्यांस प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा त्यांना ठाऊक असतो काय? ही प्रश्नावली घेऊन विभागप्रमुखांसमोर बसण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही. ज्याला प्रश्न विचारण्याचा संकोच वाटतो त्याने हा व्यवसायच निवडू नये.

प्रवेशमेळाव्याच्या दिवशी नव्हे, तर एखाद्या सामान्य मंगळवारी वा बुधवारी, कोणतीही पूर्वसूचना न देता विभागात जाऊन यावे. विभागाचे प्रायोगिक नियतकालिक निघते काय आणि त्याचा शेवटचा अंक कोणत्या महिन्याचा आहे हे पाहावे. दीड वर्षापूर्वीचा अंक अभिमानाने हाती दिला गेला तर तेवढ्यावरून पुष्कळ कळते. कॅमेऱ्यावरील आच्छादन धुळीने माखले आहे की हाताळल्याने मळले आहे, यात फरक आहे. विद्यार्थी मराठी युनिकोडमध्ये सफाईने टंकलेखन करतात काय, की अजून जुन्या अक्षरसंचात अडकून आहेत? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तेथल्या एखाद्या विद्यार्थ्याशी ओळख करून घेऊन त्याने गेल्या महिन्यात लिहिलेली व शिक्षकाने तपासलेली बातमी पाहावयास मागावी. त्या कागदावर किंवा पडद्यावर खाडाखोड, प्रश्नचिन्हे, ‘आकडा कोठून?’, ‘दुसरी बाजू नाही’ असे शेरे दिसले, तर इमारत गळकी असली तरी विभाग चांगला आहे. केवळ दहापैकी सात गुण आणि लफ्फेदार सही दिसली, तर संगमरवरी इमारतही व्यर्थ होय.

शिक्षकांची परीक्षा घेण्यासाठी आपल्याच जिल्ह्याने एक उत्कृष्ट प्रश्न पुरवला आहे. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांतील बायकापुरुषांचे केस अवघ्या काही दिवसांत मुळापासून गळू लागले आणि देशभरच्या वाहिन्यांचे कॅमेरे त्या गावांत येऊन उभे राहिले. आरोग्य विभागाने पाण्याचे नमुने घेतले, त्यात नायट्रेटचे प्रमाण अधिक आढळल्याचे सांगितले गेले. बुरशीचा संसर्ग, शाम्पू असे तर्क पुढे आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक येऊन गेले. आणि काही आठवड्यांनी, विंचूदंशावरील संशोधनामुळे विख्यात झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी शिधावाटपाच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. ‘ही बातमी आपण विद्यार्थ्यांकडून कशी लिहवून घ्याल?’ असे शिक्षकास विचारावे आणि उत्तर शांतपणे ऐकावे. ज्याला विषयाचे मर्म ठाऊक आहे तो प्रथम प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रत मागवण्याविषयी बोलेल. एका डॉक्टरांचे प्रतिपादन, शासकीय पथकाचा निष्कर्ष आणि ग्रामस्थांचा संशय या तिन्हींना एकाच तराजूत कसे टाकू नये, हे सांगेल. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात पिण्याच्या पाण्याचा प्रश्न मुळातच किती जुना आहे, याची पार्श्वभूमी देईल. गहू कोणत्या गोदामातून, कोणत्या स्वस्त धान्य दुकानात, कोणत्या महिन्यात आला याचा माग तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत कसा काढावा, हे दाखवील. आणि विशेष म्हणजे, टक्कल पडलेल्या मुलीचे छायाचित्र तिच्या संमतीशिवाय छापल्यास तिच्या लग्नाचे काय होईल, हा विचार त्याला न सुचवता सुचेल. त्या दिवसांत त्या गावांतील माणसे कॅमेरा दिसताच दार लावून घेऊ लागली असतील, तर त्याला उत्तरदायी कोण, या प्रश्नावर संपूर्ण सत्र घालवणारा शिक्षक मिळाला तर त्याच्याच पायाशी बसावे. याउलट ‘अशा बातमीला टीआरपी फार’ एवढेच ज्याला सांगता आले, त्याच्याकडून शिकण्यासारखे काही नाही.

समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ च्या पहाटे खाजगी बस पेटून २५ प्रवासी गेले, त्या घटनेविषयीही असेच विचारता येईल: ओळख पटण्यापूर्वी, आणि घरच्यांना कळण्यापूर्वी, नावे प्रसारित करावीत काय?

शिक्षक कायम नेमणुकीचे आहेत की तासिका तत्त्वावरचे, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. त्याचे उत्तर दिसते तितके सरळ नाही. रात्री डेस्कवर काम करून सकाळी तासिका घेणारा उपसंपादक अनेकदा कायम प्राध्यापकापेक्षा अधिक देऊन जातो. दोष तासिका पद्धतीत नसून, दरवर्षी माणसे बदलल्याने तपासलेल्या वहीचा धागा तुटतो यात आहे. म्हणून मंजूर पदे किती, भरलेली किती आणि गेल्या तीन वर्षांत तेच बाहेरचे शिक्षक पुन्हा आले की नाही, असे विचारावे. शासकीय विद्यापीठ असेल तर ही माहिती, तसेच प्रवेशक्षमता, प्रत्यक्ष प्रवेश व उत्तीर्णांची संख्या, जन माहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपयांचे न्यायालय शुल्क मुद्रांक लावून साध्या अर्जाने मागता येते आणि तीस दिवसांत उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. मार्च-एप्रिलमध्ये अर्ज केला तर प्रवेशाच्या वेळेपर्यंत कागद हाती येतो.

नोकरीविषयी मात्र भिंतीवरील छायाचित्रांवर विश्वासू नये. दहा वर्षांपूर्वीचा एखादा नामवंत निवेदक प्रत्येक संस्था दाखवते. विचारावयाचे ते गेल्या तीन तुकड्यांतील सर्वसाधारण विद्यार्थ्यांविषयी. तालुका प्रतिनिधींपैकी अनेकांना मानधन नाममात्र असते आणि जाहिराती आणण्याचे ओझे मात्र बातमीपेक्षा जड असते. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची पुरवणी कोणी किती भरली, यावर त्यांची पत ठरते. हे दुःखद असले तरी पदवी घेण्यापूर्वीच समजलेले बरे. आपल्या गावच्या वार्ताहराला एक दिवस सोबत येऊ देण्याची विनंती करावी आणि बाजार समितीपासून पोलीस ठाण्यापर्यंतची त्याची पायपीट पाहावी. दुसरीकडे, पदवीधराला इतर दारेही उघडी आहेत: जिल्हा माहिती कार्यालये व महासंचालनालयातील पदांच्या भरतीत वृत्तपत्रविद्येच्या पदवीला वा पदविकेला निश्चित स्थान असते, आकाशवाणी, सहकारी संस्थांचे जनसंपर्क विभाग, भाषांतर आणि डिजिटल वृत्तसेवा येथेही शुद्ध व जलद मराठी लिहिणाऱ्याला मागणी आहे.

बारावीनंतर लगेच वृत्तपत्रविद्येची पदवी घ्यावी की आधी दुसऱ्या विषयात पदवी घेऊन मग पदव्युत्तर अभ्यासक्रम करावा, या प्रश्नावर माझे मत ठाम आहे, आणि ते अनेक विभागप्रमुखांना आवडणार नाही. आधी दुसरा विषय घ्यावा. कपाशीवरील गुलाबी बोंडअळी, सोयाबीनचे भाव, पीकविम्याचे निकष, भूसंपादनाचा मोबदला, फेरफार आणि सातबारा या गोष्टींनी ज्या जिल्ह्याचे आयुष्य व्यापले आहे तेथे अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकलेला, किंवा अर्थशास्त्र, विधी, संख्याशास्त्र यांपैकी एखादे नीट जाणणारा तरुण एका-दोन वर्षांत लेखनाचे तंत्र आत्मसात करू शकतो. परंतु केवळ तंत्र जाणणाऱ्याला पीकविम्याचे परिपत्रक वाचता येईलच असे नाही. अपवाद एकच: ज्याला छायाचित्रणाची किंवा ध्वनिचित्रसंपादनाची उपजत ओढ आहे आणि ज्याचा हात यंत्रावर बसला आहे, त्याने बारावीनंतर थेट यावे.

खर्चाच्या बाबतीत शुल्काबरोबर वसतिगृह, खानावळ, प्रवास आणि चांगला भ्रमणध्वनी वा संगणक यांची बेरीज आधीच मांडावी. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीच्या संकेतस्थळावर त्या विशिष्ट अभ्यासक्रमाचे व महाविद्यालयाचे नाव नोंदलेले आहे की नाही, हे प्रवेशापूर्वी पाहावे. नाव नसेल तर ‘नंतर होईल’ या तोंडी आश्वासनावर शुल्क भरू नये. समाजकल्याण विभागाची स्वाधार योजना आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना यांत आपला अभ्यासक्रम बसतो काय, याची चौकशी बुलढाण्याच्या संबंधित कार्यालयांत लेखी करावी. उत्पन्नाचा व नॉन-क्रिमिलेअरचा दाखला निकालापूर्वीच, मे महिन्यात, काढून ठेवावा, कारण जूनमध्ये तहसीलच्या सेतू केंद्रावर पाय ठेवण्यास जागा नसते. आणि अमरावती विद्यापीठातून पदवी घेऊन पुणे, जळगाव वा छत्रपती संभाजीनगर येथे पदव्युत्तर प्रवेश घेणाऱ्याने स्थलांतर प्रमाणपत्राचा अर्ज गुणपत्रिका हाती येताच करावा, नाहीतर तात्पुरता प्रवेश कायम होण्यास तेवढ्याच एका कागदापायी विलंब लागतो.